लग्नाच्या वाढदिवसाला माथेरान: दोन दिवस, एक रात्र आणि दस्तुरीपुढची वाट

दर वर्षी दिवाळी उलटली की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. "आमचा पंचविसावा आहे, माथेरानला जायचं म्हणतोय, काय काय बघू?" मी आधी एकच विचारते, बॅग कुठली नेणार? समोरच्याला प्रश्न विचित्र वाटतो. पण गेल्या काही वर्षांत नाराज होऊन परतलेली जेवढी जोडपी मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचा दिवस पॉइंटवर बिघडलेला नव्हता. गाड्यांची वाट जिथे संपते त्या दस्तुरी नाक्यावर उतरल्यापासून हॉटेलच्या खोलीचं दार उघडेपर्यंतच्या दोन तासांत तो बिघडला होता. पोचेपर्यंत दोघंही दमलेले, पैशांवरून कुरबूर झालेली, आणि मग सूर्यास्त कितीही सुंदर असला तरी काय उपयोग!

मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातून एक रात्र राहायला निघणाऱ्या दोघांसाठी हे लिहिते आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. लोक चुकतात ते बहुतेक वेळा क्रमात.

## टप्पा १: तारीख आणि वार

आपल्याकडे लग्नसराई नोव्हेंबर-डिसेंबरला आणि एप्रिल-मेला जोरात असते, म्हणून लग्नाचे वाढदिवसही त्याच दिवसांत येतात. आणि माथेरानला गर्दी होते तीही तेव्हाच: दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एकतीस डिसेंबर, मे महिना. त्यात शनिवार-रविवार आला तर घाटातच गाड्यांची रांग लागते.

म्हणून तारखेचा हट्ट सोडा आणि वार धरा. वाढदिवस शनिवारी येत असेल तर सोमवार-मंगळवार जा. दोघांपैकी एकालाच रजा मिळत असेल तर रविवारी दुपारी वर पोचून सोमवारी उतरा. रविवारी दुपारी सगळी गर्दी खाली उतरत असते, तुम्ही उलटे चढता. संध्याकाळी तेच रस्ते निम्मे रिकामे होतात.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट सांगते. जून ते सप्टेंबर माथेरान हिरवंगार असतं, पण पॉइंटवर उभं राहिल्यावर समोर पांढरं धुकं सोडून काही दिसेलच असं नाही. धुक्यात हातात हात घालून चालायचं असेल तर खुशाल जा. दरी बघायची असेल तर ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते, दस्तुरीजवळचं अमन लॉज स्टेशन ते माथेरान एवढ्याच टप्प्यात तिची शटल, म्हणजे छोटी ये-जा करणारी गाडी, चालते. हा मार्ग नाजूक आहे. जुलै २००५ च्या पुरात तो वाहून गेला आणि २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा तोडला, तो २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. तेव्हा "ट्रेन तर असतेच" असं गृहीत धरून बेत आखू नका.

इथे थांबून तपासा: निघण्याच्या आदल्या आठवड्यात नेरळ-माथेरान गाडीचं चालू वेळापत्रक पाहिलं का? मागच्या वर्षीचा फॉरवर्ड आलेला फोटो चालणार नाही.

## टप्पा २: हॉटेल, आणि फोनवर विचारायचे प्रश्न

खोलीचे फोटो बघून हॉटेल ठरवणं ही दुसरी मोठी चूक. दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांची मोटारगाडी जात नाही, फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं आहे. त्यामुळे हॉटेल कुठे आहे याचा इथला अर्थ महाबळेश्वर-लोणावळ्यापेक्षा वेगळा. तिथे दोन किलोमीटर म्हणजे पाच मिनिटं. इथे दोन किलोमीटर म्हणजे सामान घेऊन, चढउतारावरून, लाल मातीतून अर्धा तास.

बुकिंगची साइट बाजूला ठेवा आणि हॉटेलात थेट फोन करा. विचारायचं ते असं:

- माथेरान स्टेशनपासून तुमच्याकडे चालत किती मिनिटं? किलोमीटर विचारू नका, मिनिटं विचारा.
- दर खोलीचा की माणशी? इथे बरीच हॉटेलं माणशी दर सांगतात आणि त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा धरलेला असतो. ऐकताना दर अर्धा वाटतो आणि बिल दुप्पट येतं, ते यामुळेच.
- खोली किती वाजता मिळते, सोडायची किती वाजता? सकाळी लवकर सोडायला लावणारी हॉटेलं आहेत. अशा वेळी सामान ठेवून घेतील का, हेही विचारा.
- गरम पाणी किती ते किती?
- सामान न्यायला दस्तुरीवर माणूस पाठवाल का, त्याचे किती?

जेवण दरात असेल तर पहिलं जेवण कुठलं धरलं आहे, हे विचारायला विसरू नका. तुम्ही तीनला पोचलात तर दुपारचं जेवण वाया गेलेलं असतं आणि पोटात कावळे ओरडत असतात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याने स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटांच्या आतलं साधं, स्वच्छ हॉटेल घ्यावं. दरीकाठचा एकांत हवाहवासा वाटतो खरा. पण रात्री साडेसातला मिट्ट काळोखातून पाऊण तास चालत परतायचं असेल तर त्या एकांताची धास्तीच वाटते.

## टप्पा ३: सामान

आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला मी चाकांची मोठी बॅग नेली होती. आत दोन रेशमी साड्या, ह्यांचा कोट, हेअर ड्रायर. दस्तुरीवरून शटल भरून गेली होती, म्हणून आम्ही चालत निघालो. पहिल्या दहा मिनिटांत चाकांत लाल खडे अडकले, मग एक चाक निसटलं. हे बॅग डोक्यावर घेऊन चालत होते आणि मी मागून, रडू आवरत. हॉटेलात पोचल्यावर आरशात पाहिलं तर पापण्यांवरसुद्धा तांबूस धूळ होती. साडी त्या दिवशी नेसलेच नाही.

त्यानंतरचा नियम असा: माणशी एक पाठीवरची सॅक, वजन पाच-सहा किलो, बस्स. सॅक भरली की ती पाठीला लावून आपल्या इमारतीचे तीन मजले चढून बघा. तिसऱ्या मजल्यावर खांदे बोलायला लागले तर काहीतरी काढा.

सॅकमध्ये काय हवंच:

बूट, मळके चालतील असे. पांढरे बूट घरी ठेवा, इथली माती धुतल्यावरही शिवणीत राहते. चप्पल खोलीत वापरायला वेगळी. प्रत्येकी एक टॉर्च. मोबाइलची नव्हे, वेगळी, कारण संध्याकाळपर्यंत मोबाइल फोटोंनीच संपलेला असतो. थंडीत स्वेटर आणि कानटोपी, उन्हाळ्यात टोपी. रोख रक्कम, त्यातही पन्नास-शंभरच्या नोटा भरपूर. वर रेंज जाते-येते, आणि घोडेवाल्याला पैसे देताना नेमकी गेलेली असते. गुडघ्याचा पट्टा, रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या नव्हे तर तीन दिवसांच्या.

खास पोशाख एकच न्या, तोही चुरगळला तरी शोभेल असा. सुती किंवा लिननची साडी गुंडाळी करून ठेवली तर छान राहते.

सावध: शहरातून केक नेऊ नका. लोकल, टॅक्सी, शटल असं करत त्याचा लगदा होतो. वर माकडं आहेत, आणि त्यांना पुठ्ठ्याचा खोका लांबूनच ओळखू येतो. हाताला लोंबकळणारी प्लास्टिकची पिशवीसुद्धा हिसकावतात. गोड हवंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात बेसनाचे लाडू किंवा पुरणपोळ्या न्या, आणि डबा सॅकच्या तळाशी.

## टप्पा ४: नेरळपर्यंत

मुंबईकडून येताना कर्जत किंवा खोपोली लोकलच धरायची. अंबरनाथ किंवा बदलापूर लोकल पकडून "पुढे बघू" म्हणणारे त्या फलाटावर ताटकळतात. सकाळी कर्जतच्या दिशेला गर्दी उलटी असल्यामुळे बसायला जागा मिळते. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल घ्यावी: भिवपुरी रोड आणि मग नेरळ.

नेरळला उतरलात की दोन वाटा.

मिनी ट्रेन. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत ती अडीच तासांहून जास्त वेळ घेत वर जाते. वाटेत एकच बोगदा लागतो, त्याला वन किस टनेल म्हणतात. वाढदिवसाला निघालेल्यांनी नावावरून काय ते समजून घ्यावं. प्रवास सुंदर आहे. पण जागा थोड्या आणि तिकिटं खिडकीवर, गाडी सुटण्याच्या साधारण पाऊण तास आधी मिळतात. रांगेत तासभर आधी उभं राहायची तयारी असेल आणि वार मधला असेल तरच हा बेत करा.

टॅक्सी. नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी दस्तुरीपर्यंत जाते. घाट चढा आणि वळणांचा आहे, अर्धा तास धरा. गाडी लागण्याचा त्रास असेल तर पुढची सीट मागा आणि पोट रिकामं ठेवू नका.

माझा सल्ला असा: मिनी ट्रेनची फार ओढ असेल तर पहिल्या गाडीसाठी प्रयत्न करा, तिकीट नाही मिळालं तर हळहळत न बसता लगेच टॅक्सीकडे वळा. दुसऱ्या गाडीची वाट बघत अर्धा दिवस नेरळच्या फलाटावर घालवलेली जोडपी मी पाहिली आहेत.

स्वतःची गाडी नेणार असाल तर सकाळी नऊच्या आत दस्तुरीला पोचा. सुट्टीच्या दिवशी तिथलं पार्किंग भरतं आणि घाटात गाडी उलटी फिरवायला जागा नसते. घाट चालवायची सवय नसेल तर गाडी नेरळलाच सशुल्क पार्किंगमध्ये ठेवा.

## टप्पा ५: दस्तुरी नाका (इथेच सगळं ठरतं)

टॅक्सीतून पाय खाली ठेवताच दहा जण भोवती येतात. घोडा, हमाल, हॉटेल, पॉइंट दाखवणारे. हे कष्टाने पोट भरणारे लोक आहेत, त्यांच्याशी तुसडेपणाने वागू नका. पण पहिली पाच मिनिटं कुणाला काहीही कबूल करू नका. हसून "आधी स्टेशनवर जाऊन येतो" म्हणायचं आणि पुढे जायचं. आता क्रम असा:

1. नगरपालिकेच्या खिडकीवर माणशी प्रवासी कर भरा आणि पावती खिशात ठेवा. ती मुक्काम संपेपर्यंत टाकू नका.

2. सामान कुणाच्याही हातात न देता चालत अमन लॉज स्टेशनवर जा. काही मिनिटांचाच रस्ता आहे. "शटल बंद आहे" असं वाटेत कुणी सांगितलं तरी स्वतः फलक आणि खिडकी बघा. आमच्या शेजारणीने असं ऐकून दोन घोडे केले आणि अर्ध्या वाटेवर शेजारच्या रुळावरून गाडी डोळ्यांसमोर गेली.

3. पुढची शटल अर्ध्या-पाऊण तासात असेल तर थांबा. वीसेक मिनिटांत ती बाजाराच्या तोंडाशी, माथेरान स्टेशनवर सोडते. जागा नसेल तर ई-रिक्षाची रांग बघा. त्या संख्येने थोड्या आहेत.

4. तेही नसेल तर चाला. बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर, सावलीतून, रमतगमत पाऊण तास. सामान हलकं असेल तर या वाटेसारखं सुख नाही. दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि हॉर्न कुठेच नाही. वीस मिनिटं चाललं की दोघंही आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात.

5. चालणं जमत नसेल तरच घोडा. दराचा फलक बघा, हॉटेलच्या दारापर्यंतचा आकडा ठरवा, "दोघांचा मिळून एवढा" असं स्वतःच्या तोंडाने म्हणून घ्या.

हातरिक्षाबद्दल: माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आहे. हातरिक्षा धरून बेत आखू नका. घरातल्या कुणाला चालवतच नसेल, तर हॉटेलला फोन करून ई-रिक्षाची सोय आधी विचारून ठेवा.

इथे थांबून तपासा: प्रवासी कराची पावती, परतीच्या शेवटच्या शटलची वेळ (फलकाचा फोटो काढा), बाटलीत पाणी.

## टप्पा ६: पहिली संध्याकाळ

माथेरानला तीसहून जास्त पॉइंट आहेत आणि "बारा पॉइंट दाखवतो" ही हाक बाजारात पावलोपावली ऐकू येते. बारा पॉइंट म्हणजे घोड्यावरून उतरा, फोटो काढा, चढा. दोघांच्या दिवसात हे कशाला? एक संध्याकाळ, एक वाट.

पश्चिमेची वाट धरा: शार्लोट तलाव, जवळचं पिसारनाथाचं मंदिर, मग एको पॉइंट आणि शेवटी लुईझा पॉइंट. बाजारातून चहा पिऊन सूर्यास्ताच्या अडीच तास आधी निघायचं. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे साडेतीनला निघा. मे महिन्यात सातनंतर, म्हणजे साडेचार-पावणेपाचला. लोक पाचला निघतात, धावतपळत पोचतात आणि उरलेली लाली तेवढी बघतात.

शार्लोट तलावाचं पाणी गावाला प्यायला जातं. पाय बुडवून बसायचं नाही, निर्माल्य टाकायचं नाही.

लुईझावर पोचल्यावर रेलिंगपाशी गर्दी करू नका. थोडं मागे, खडकावर जागा धरा. समोर प्रबळगड उभा असतो. ऊन तिरपं झालं की त्याच्या घड्या एकेक करून उघडतात, आधी पिवळ्या, मग विटकरी, मग निळ्या. थर्मासमधला चहा आणि स्टीलचे दोन पेले इथे बाहेर काढा. आमच्या विसाव्या वाढदिवसाला आम्ही इथे बसलो होतो. लग्नात कुणी काय आहेर दिला होता, याची ह्यांनी पूर्ण यादी म्हणून दाखवली, आणि त्यातला मामींनी दिलेला कुकर अजून घरात शिट्ट्या करतोय. असं बोलायला वेळ हवा, म्हणून पॉइंट कमी.

सावध: रेलिंगच्या पलीकडे फोटोसाठी जाऊ नका. कडेची माती भुसभुशीत असते, वरून घट्ट वाटते. सेल्फी काढताना मागे सरकू नका. आधी उभं राहायचं, मग फोन वर करायचा. माकड जवळ असताना डबा उघडू नका. जंगलात मेणबत्ती, फटाका, फुगे काहीही नको.

सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटांत झाडीत अंधार होतो. टॉर्च आधीच हातात घ्या. आलात त्याच वाटेने परता, पायवाटेचा "शॉर्टकट" घेऊ नका. दोन फाटे फुटतात तिथे येतानाच फोटो काढून ठेवला की परतताना वाद होत नाही.

## टप्पा ७: दुसरी सकाळ

सूर्योदयासाठी सगळे पॅनोरमा पॉइंटचं नाव घेतात. जागा अप्रतिम आहे, पण उत्तरेच्या टोकाला, बाजारापासून पाचेक किलोमीटर. जाऊन-येऊन निम्मी सकाळ जाते आणि अंधारात निघावं लागतं. जानेवारीत सूर्य सव्वासातला उगवतो, तेव्हा जमेल. मे महिन्यात तो सहालाच वर येतो, म्हणजे साडेचारला उठायचं. गुडघे कुरकुरत असतील किंवा झोप प्यारी असेल तर बाजाराजवळचा खंडाळा पॉइंट घ्या. दहा मिनिटांत पोचता आणि पूर्वेचं आभाळ तिथेही तेच असतं.

पॅनोरमाला घोड्यावर जायचं असेल तर आदल्या रात्रीच घोडेवाल्याशी बोला. जाणं, येणं आणि तिथे थांबणं धरून एकच रक्कम ठरवा. बसण्याआधी खोगिराखालचा तंग (पोटाखालून जाणारा पट्टा) त्याला आपल्यासमोर पुन्हा आवळायला सांगा. चांगला घोडेवाला न सांगता आवळतो, बोट घालून बघतो. डोक्यावर हेल्मेट मागा. उतारावर पाठ किंचित मागे, चढावर पुढे, आणि पाय रिकिबीत फक्त चवड्यापर्यंत. पडल्यावर पाय अडकून फरफट होते ती पूर्ण पाऊल आत घातल्यामुळे. घोडा दौडवू नका असं आधीच सांगा.

दोघांपैकी एकाला घोड्याची भीती वाटत असेल तर दोघांनीही चाला. एक घोड्यावर आणि एक पायी, यात पायी चालणारा सतत मागे पडतो आणि दोन तास दोघांचं बोलणंच होत नाही.

## टप्पा ८: उतरताना

खोली सोडताना बिल ओळीओळीने वाचा: माणशी दर, जेवणं, हमाल. मग बाजार. चिक्की आणि चामड्याच्या चपला इथून घेतात. चिक्की चाखून घ्या आणि पिशवीत न लोंबकळवता सॅकमध्ये टाका, स्टेशनच्या पत्र्यावर माकडं बसलेलीच असतात. नवी चप्पल घालून दस्तुरीपर्यंत चालू नका, अंगठ्याला फोड येतो.

शेवटची शटल धरायची नाही, तिच्या आधीची धरायची. एक रद्द झाली तरी दुसरी हातात राहते, आणि दोन्ही चुकल्या तरी उजेडात चालत उतरता येतं. अमन लॉजला उतरून टॅक्सी, मग नेरळ. मळके बूट तिथे फलाटावर एकमेकांवर आपटून झाडा, जाड कागदात गुंडाळून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा आणि चपला घाला. संध्याकाळी मुंबईकडे जाणारी लोकल कर्जतहून निम्मी रिकामी येते. दोघांना शेजारी शेजारी जागा मिळते.